रविवारचा खिमा आणि लीड्सची बुरशी

ताई, नमस्कार.

आमच्याकडे रविवारी मटण ही लग्नापासूनची रीत. यांचं वय ५८. युरिक ॲसिड वाढलंय, गेल्या पावसाळ्यात पायाचा अंगठा टम्म सुजून चार दिवस चप्पल घालता येत नव्हती. कोलेस्टेरॉलही वर आहे. डॉक्टर म्हणाले, मटण महिन्यातून एकदा. हे म्हणतात, मग उरलेल्या तीन रविवारी जगायचं कशाला. सासूबाई ऐंशीच्या. माळ घातल्यापासून त्यांनी मांसमच्छी सोडली आहे, आम्ही खाल्लेलं चालतं, भांडी वेगळी. लेकीला लहानपणापासून दमा. ओल धरलेल्या भिंतीपाशी गेली की शिंका आणि धाप.

मुलगा लीड्सला शिकतो. तिथे तो बुरशीपासून बनवलेला खिमा खातो, त्याला फार आवडतो. डिसेंबरात येताना चार पाकिटं आणतो म्हणतोय. वर सांगतो, "आई, बाबांना सांगू नकोस, मटणाचाच म्हणून वाढ, कळणारसुद्धा नाही." हे बोलणं स्पीकरवर चाललं होतं. सासूबाईंनी 'बुरशी' एवढाच शब्द ऐकला आणि "पोरगं परदेशात शिळ्या भाकरीवरची घाण खातंय" म्हणून दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

हे खाणं सुरक्षित आहे का? चव खरंच मटणासारखी लागते का? आणि यांना न सांगता वाढलं तर चालेल का?

— सुदामा नगरातली एक सून, इंदूर

प्रिय सूनबाई,

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, डिसेंबर लांब नाही. न सांगता वाढू नका. यांना नको, सासूबाईंना नको आणि लेकीला तर मुळीच नको. बाकीचं आता सावकाश बोलू.

मी इथल्या एका कॉलेजात तीसेक वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. दर जुलैत पहिल्या प्रॅक्टिकलला मुलींना पावाचा तुकडा ओला करून डब्यात ठेवायला सांगायची. पाचव्या दिवशी झाकण उघडलं की वर्गभर 'ईऽऽ'. हिरवट, काळी, कुठे गुलाबी झाक असलेली लव. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे तोच डबा आलाय, आणि त्या डब्याबद्दल त्यांचं मत शंभर टक्के बरोबर आहे. तिथे कोण उगवलंय आणि त्याने काय सोडलंय, हे डोळ्यांनी कळत नाही. पावावरची बुरशी खरवडून उरलेला पाव खाणारी माणसं मी पाहिली आहेत. वरची लव काढली तरी तिचे तंतू आत पसरलेले असतात. शेंगदाण्यावर, मक्यावर येणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते. ते यकृताला मारक असतं आणि शिजवून जात नाही. खवट, काळवंडलेला दाणा आपल्या आया निवडून फेकत, त्यात मोठं शहाणपण होतं.

आता याच फ्लेव्हसची सख्खी चुलत बहीण बघा, ॲस्परजिलस ओरायझी. जपानी लोक शेकडो वर्षं तिच्यावर मिसो आणि सोया सॉस करत आलेत. तिसरी बहीण नायजर, नावाप्रमाणे काळी. सासूबाई एकादशीला फराळी मिक्श्चर खातात का? इंदुरात राहून नाही म्हणायच्या नाहीत. त्या मिक्श्चरला जो आंबटपणा असतो तो बहुतेक वेळा सायट्रिक ॲसिडचा, आपण ज्याला लिंबूसत्व म्हणतो त्याचा. त्यात लिंबाचा संबंध नावापुरता. पूर्वी ते इटलीतल्या लिंबांपासून काढत. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की साखरेच्या पाण्यात काळी बुरशी वाढवली तर ती ढिगाने सायट्रिक ॲसिड करून देते. दोनच वर्षांत त्याचा कारखाना निघाला. आज जगातलं जवळपास सगळं लिंबूसत्व त्याच वाटेने येतं. म्हणजे बुरशीच्या हातचं आपण उपवासालाही खातो. मात्र हे सासूबाईंना सांगाल तेव्हा पूर्ण सांगा. लिंबूसत्वात बुरशी गाळून काढलेली असते, मुलाच्या खिम्यात मात्र बुरशी हाच ऐवज असतो. अर्धी गोष्ट सांगून वाद जिंकता येतो, पण पुढच्या वेळी आपलं कुणी ऐकत नाही.

तर हा ऐवज नेमका काय? मुलगा जे खातोय ते बहुधा क्वॉर्न असावं, इंग्लंडात तेच सगळीकडे मिळतं. त्याच्या जन्माची कथा मजेदार आहे. साठच्या दशकात जगाला प्रथिनं कमी पडणार अशी धास्ती होती. रँक होव्हिस मॅकडूगल ही तिकडची पिठाची आणि पावाची मोठी कंपनी. तिच्याकडे गव्हाचा स्टार्च मुबलक होता, आणि स्टार्च खाऊन प्रथिन देणारा कुणीतरी जीव हवा होता. जगभरातून मातीचे तीन हजारांवर नमुने गोळा केले. शेवटी पसंत पडलेली बुरशी त्यांच्याच प्रयोगशाळेपासून थोड्या अंतरावर, बकिंगहॅमशायरमधल्या मार्लो गावच्या मातीत सापडली. वर्ष १९६७. गावभर स्थळं बघून शेवटी गल्लीतलीच मुलगी पसंत पडावी तसं झालं.

तिचं शास्त्रीय नाव ऐकून मात्र सासूबाई परत जेवण सोडतील. फ्युजेरियम व्हेनेनॅटम. लॅटिनमध्ये व्हेनेनॅटम म्हणजे विषारी. आणि फ्युजेरियम हे घराणंही तसं बदनामच. तुमच्या ओळखीत कुणी माळव्यातला शेतकरी असेल तर त्याला हरभऱ्याच्या उकठ्याबद्दल विचारा. महाराष्ट्रात ज्याला मर रोग म्हणतात तो हाच. हिरवं झाड उभ्या उभ्या सुकतं, आणि ते काम फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचं. या घराण्यातल्या काही जणी धान्यावर वाढून विष तयार करतात. म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही कपाळाला आठी पडली होती. शिक्षकी पेशातली माणसं अशा बाबतीत सासूबाईंच्याच पक्षाची असतात.

ती आठी कशी सुटली ते सांगते. बुरशी सापडली १९६७ मध्ये आणि माल दुकानात आला १९८५ मध्ये. मधली अठरा वर्षं बरीचशी तिच्या तपासण्यांत गेली. आधी जनावरांवर, मग माणसांवर, आणि मग ब्रिटिश सरकारची मंजुरी. जी एक जात निवडली तीच वाढवायची, ठरलेल्या तपमानाला, ठरलेल्या खुराकावर, बाहेरचा एकही जंतू आत येऊ न देता, आणि तयार मालाची विषासाठी तपासणी करत राहायची, अशी ती पद्धत आहे. अमेरिकेत हा माल २००२ मध्ये पोचला. चाळीस वर्षं लोक खाताहेत. तेव्हा सर्वसाधारण निरोगी माणसाला हे खाणं सुरक्षित आहे, हे मी निःशंकपणे सांगते. तुमच्या घरातले तिघे 'सर्वसाधारण' नाहीत, ही पुढची गोष्ट.

ही बुरशी वाढते कशात, हे मला स्वतःला सर्वांत आवडलेलं प्रकरण, म्हणून जरा रेंगाळते. इंग्लंडच्या उत्तरेला बिलिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे सुमारे पन्नास मीटर उंचीच्या पोलादी टाक्या आहेत, एकेकीत दीड लाख लिटर मावेल एवढ्या. आपला सात मजली राजवाडा त्यांच्यापुढे बुटका वाटावा. आत कोमट पाणी, ग्लुकोज, थोडे क्षार, नत्रासाठी अमोनिया, आणि खालून सतत हवा. रवी नाही, पंखा नाही, हवेच्या बुडबुड्यांनीच सगळं घुसळलं जातं. कारण बुरशीचे तंतू लांब राहायला हवेत, जोरात घुसळलं तर तुटतात. एका बाजूने खुराक जात राहतो, दुसऱ्या बाजूने तयार बुरशी बाहेर येत राहते. आपण विरजण लावतो आणि सकाळी भांडं रिकामं करतो, तसं नाही. हे भांडं पाच-सहा आठवडे उतू जातच राहतं. मग थांबवावं लागतं. कारण तोवर त्यात एक बंडखोर पिढी निपजते, जिच्या तंतूंना फार फांद्या फुटतात. ती विषारी नसते. पण तिचा खिमा दाताखाली तंतूसारखा न लागता भुसभुशीत लागतो. म्हणून सगळी टाकी रिकामी करून, निर्जंतुक करून पहिल्यापासून सुरुवात. एवढा मोठा कारखाना केवळ दाताला काय लागेल यासाठी थांबतो, याची मला गंमत वाटते.

आता यांच्या अंगठ्याकडे येऊ. भराभर वाढणाऱ्या कुठल्याही सूक्ष्म जीवात आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायला लागणारं द्रव्य, पुष्कळ असतं. ते आपल्या पोटात गेलं की त्यातल्या प्युरीन नावाच्या घटकाचं युरिक ॲसिड होतं. हेच युरिक ॲसिड सांध्यात खड्यासारखं बसलं की अंगठा सुजतो. टाकीतून निघालेल्या कच्च्या बुरशीच्या कोरड्या वजनात आरएनए दहा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे रोज खाण्याजोगं नाही. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. बाहेर काढल्याबरोबर बुरशी साधारण ६८ अंशांवर अर्धा तास तापवायची. त्या उष्णतेने बुरशी मरते, पण तिच्याच पेशीतली पाचकद्रव्यं जागी राहून आरएनए कुरतडतात आणि ते पाण्यात उतरून निघून जातं. उरतं ते दोन टक्क्यांच्या आत. या भानगडीत एक तृतीयांशाच्या आसपास माल वाया जातो, तरी ही पायरी कुणी गाळत नाही.

म्हणून यांनी खायचं का? कलेजी, गुर्दा आणि मटणाचा वाटीभर अर्क यांच्यापेक्षा बरं, एवढं नक्की. पण युरिक ॲसिडचा आकडा चढलेला असताना 'चांगलं आहे' म्हणून रोज ताट भरून नको. आकडा खाली आल्यावर, डॉक्टरांना पाकिटावरचं नाव दाखवून, आठवड्यातून एखाद वेळ. आणि गटारीला मटणाबरोबर बिअर येते की नाही, ते मी विचारत नाही. अंगठ्याला ते बरोबर कळतं.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत बातमी बरी आहे. शंभर ग्रॅमला सुमारे अकरा ग्रॅम प्रथिन, सहा ग्रॅम तंतू, चरबी तीन ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातही संपृक्त चरबी थोडीच. प्रथिनाचा दर्जा उत्तम. काही प्रयोगांत खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलंही दिसलं आहे. मटणाइतकं लोह आणि बी-१२ मात्र यातून मिळत नाही. तेव्हा मटण पूर्ण सोडायचं ठरलं तर बी-१२ एकदा तपासून घ्यावं. पर्यावरणाचं जे व्याख्यान मुलगा देत असेल ते खरं आहे, मी त्यात पडत नाही.

आता लेक. सूनबाई, तुमच्या पत्रात मी खाली रेघ मारली ती तिच्या नावाखाली. ओल्या भिंतीपाशी धाप लागते याचा अर्थ बहुधा हवेतल्या बुरशीची ॲलर्जी. बुरशी सगळ्या वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्यातली काही प्रथिनं एकसारखी असतात. शरीर एकीला शत्रू मानायला शिकलं की दुसरीलाही तीच वागणूक देऊ शकतं. हवेतल्या बुरशीची ॲलर्जी असलेल्या एका दमेकरी रुग्णाला हा पदार्थ खाऊन जोराचा त्रास झाल्याचं २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं आहे. अमेरिकेतली एक ग्राहकहिताची संस्था वर्षानुवर्षं लोकांच्या तक्रारी गोळा करत होती. २०१८ मध्ये तिने सतराशेहून अधिक तक्रारींचा अभ्यास छापला. बहुतेकांना उलट्या, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास झाला होता. काहींना मात्र अंगावर गांधी आणि श्वास कोंडणं, असा खरा ॲलर्जीचा त्रास होता. हे लोकांनी आपणहून कळवलेलं, त्यामुळे दर लाखात किती हे त्यावरून काढता येत नाही. करोडो ताटांच्या हिशोबात हा प्रकार विरळाच. पण विरळा म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी होणार असं आपण समजतो, आणि तुमच्या घरात तर दमा आधीच येऊन बसलाय. अमेरिकेत एका खटल्यातील तडजोडीनंतर पाकिटावर स्पष्ट लिहावं लागतं की हा पदार्थ मोल्ड, म्हणजे बुरशी, आहे आणि क्वचित ॲलर्जी होते. तेव्हा लेकीला ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हो म्हटल्याशिवाय एक घाससुद्धा नाही. पाकीट घरी आलं आणि आजीच्या चोरून तिने कढईतून बोटभर चाखलं, असं होऊ नये म्हणून तिला आजच सांगून ठेवा.

निरोगी माणसालाही पहिल्या खेपेला पोट फुगू शकतं. तंतू आहेतच तेवढे. पहिल्यांदा चार घास, मग पुढचं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा. मुलाला सांगा की इंग्लंडात 'व्हेजिटेरियन' लिहिलं की अंडं चालतं. क्वॉर्नच्या पुष्कळ प्रकारांत तंतू एकत्र बांधून ठेवायला अंड्यातला पांढरा भाग घातलेला असतो. बिनअंड्याचे प्रकार वेगळे मिळतात, त्यांवर 'व्हीगन' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे अंडं असलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका येऊ शकत नाही, तपकिरी त्रिकोण येतो. तिकडच्या पाकिटावर हा ठिपका-त्रिकोणाचा कायदा नसतो. म्हणजे मुलगा सद्‌भावनेने 'आजी, शाकाहारी आहे' म्हणेल आणि माळ घातलेल्या बाईच्या पोटात अंडं जाईल. तिला कधीच कळलं नाही तरी तुम्हाला कळलेलं असेल.

आणि बिनअंड्याचं असलं तरी? शास्त्राकडे वळलात तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि कवक, म्हणजे बुरशी-अळंबीचं कूळ, एकाच श्लोकात वर्ज्य सांगितलंय. माझी आजी कांदाभजीची ताटली एकटी संपवायची आणि अळंबीला 'कुत्र्याची छत्री' म्हणून शिवायची नाही. श्लोकाचा पहिला अर्धा भाग तिला मान्य नव्हता, दुसरा होता. मी शहाणी होते तेव्हा हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे. मी नाही खाणार." ऐंशी वर्षांच्या बाईला वादात हरवून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांना एवढंच समजावा की नातवाच्या पोटात शिळ्या भाकरीवरची घाण जात नाही, कारखान्यात निगुतीने वाढवलेलं काहीतरी जातंय, आणि तो धडधाकट आहे. त्यांचं जेवण त्या काळजीपायी सुटलं होतं.

आता चव. २०१७ मध्ये भाचीकडे लेस्टरला महिनाभर होते, तेव्हा हा प्रकार तीनदा शिजवला. ही बुरशी दिसायला फिकट पिठूळ रंगाची, वासाला जवळजवळ काहीच नाही, नाक अगदी जवळ नेलं तर ओल्या अळंबीचा किंचित भास. तुकडे होते ते बोटांनी उलगडून पाहिले. कोंबडीच्या छातीचा तुकडा जसा रेषेरेषेने सुटतो तसा सुटला. बुरशीचे तंतू आणि स्नायूचे धागे यांची ठेवण मुळातच मिळतीजुळती असते. त्यात ते वाफवून गोठवतात, तेव्हा बर्फाचे कण तंतूंना एकमेकांवर दाबून त्यांच्या जुड्या बांधतात. सोयाबीनच्या वडीसारखं स्पंजी अजिबात लागत नाही.

पहिल्या दिवशी मी काळं वाटण घालून रस्सा केला. फजिती. भाजलेला कांदा-खोबरं, तीळ, खसखस, सगळं जिथल्या तिथे, पण रस्सा एका बाजूला आणि तुकडे दुसऱ्या बाजूला, जसे लग्नात दोन्हीकडचे पाहुणे. मटण शिजताना आपली चरबी रश्श्यात सोडतं आणि तर्री येते. याच्याकडे सोडायला काही नाही. तर्री माझ्या फोडणीच्या तेलाची होती. आणि नळी? नळी तोंडाला लावून मगज ओढणाऱ्या माणसाला तुम्ही हा रस्सा मटणाचा म्हणून वाढणार असाल तर माझ्या शुभेच्छा.

दुसऱ्या खेपेला खिमा केला, तो मात्र जमला. भरपूर कांदा लालसर होईपर्यंत, आलं-लसूण, टोमॅटो, गरम मसाला, मटार, वर कोथिंबीर. खिमा आधी वेगळ्या तव्यावर थोड्या तेलात पाणी उडेपर्यंत परतून घेतला, मग मसाल्यात टाकला आणि दहा मिनिटांत उतरवला. जास्त शिजवून तो मऊ होत नाही, नुसता चिवटपणा वाढतो. पावाबरोबर भाचीच्या नवऱ्याने तीनदा घेतला. त्याला ठाऊक होतं ते काय आहे. ठाऊक असून घेतला, म्हणून मला त्या तीन खेपांचं कौतुक.

कारण न सांगता वाढण्याचा प्रयोग मी केलेला आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सोयाबीनची वडी तेव्हा आमच्याकडे नवी होती. सासऱ्यांना वैद्यांनी मटण बंद सांगितलं होतं. मी वडी भिजवून, बारीक करून, झणझणीत खिमा केला आणि मटणाचा म्हणून वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले, माझ्याकडे पाहिलं, मान खाली घालून सगळं संपवलं. ओरडले नाहीत, हसले नाहीत. त्यानंतर ते नऊ वर्षं होते. त्या नऊ वर्षांत मी वाढलेली प्रत्येक भाजी, अगदी दोडक्याचीसुद्धा, पहिला घास घेण्याआधी ते शांतपणे विचारायचे, "यात काय आहे, बाळ?" मी सांगायची. मग खायचे.

पाकिटांबद्दल मुलाला सरळ कळवा की आणू नकोस. हा माल उणे १८ अंशांवर ठेवायचा असतो. लीड्सच्या घरातून निघून विमानतळ, मग दिल्ली किंवा मुंबई, मग इंदूर, म्हणजे दिवस जातो. सुदामा नगरच्या फ्रीजरपर्यंत तो वितळलेला असेल, आणि वितळून कोमट झालेलं परत गोठवून चालत नाही. बुरशीच्या भीतीने एवढं पत्र लिहिलंत आणि शेवटी पोट बिघडायचं ते साध्या जिवाणूंनी. त्याने तो खिमा तिथेच खावा आणि इथे आल्यावर आईच्या हातचं जेवावं. कधी इथल्या दुकानात असं काही दिसलंच, तर पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, आणि घटकांच्या यादीत अंडं, एवढं वाचून घ्या. घरच्या घरी बुरशी वाढवायचे व्हिडिओ मुलाने पाठवले तर ते पुसून टाका. पावसाळ्यात बायपासपलीकडे उगवणाऱ्या रानछत्र्यांनाही हात लावू नका.

तोवर रविवारचं काय? महिन्यातला एक रविवार डॉक्टरांनी दिलाय, तो साजरा करा, नळीसकट. दुसऱ्या रविवारी यांना सांगून सोयाबीनचा खिमा. आपण तर सोयाबीनच्या गावात राहतो, त्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था इथेच आहे. कोरड्या वडीत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिन असतं. भिजून वजन तिप्पट झालं तरी ती तुमच्या मुलाच्या खिम्याला प्रथिनात मागे टाकते. फक्त उकळत्या पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळा, आणि मग तेलावर चांगली खरपूस करा. तिचा तो कच्चट वास पिळण्यात जातो. तिसऱ्या रविवारी कच्च्या फणसाची भाजी, मिळाला तर. चौथा रविवार यांच्यावर सोडा, स्वतः काहीतरी करू देत. आणि शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्यांच्याबरोबरच मटण बंद केलंत तर दीड महिना आपोआप निघतो, यांना कारणही सांगायला नको.

लेकीच्या ॲलर्जीच्या तपासणीचं काय झालं ते मात्र मला कळवा.

तुमची,
ताई